तीन प्रेक्षक, एक टॅबलेट: प्रवासातल्या सिनेमासाठी केलेली एक निवड

प्रवास असा होता. रात्रीचं नऊ तासांचं विमान, मग पाच तास रेल्वे आणि शेवटी दोन-अडीच तास गाडी. प्रवासी तीन: माझी ताई, तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरीला टेकलेली आमची आई. विमान कंपनीने आधीच कळवलं होतं की या विमानात सीटच्या पाठीला स्क्रीन नाहीत, ज्याला काही बघायचं असेल त्याने आपलं साधन घेऊन यावं. ताईने मला फोनवर विचारलं, “सिनेमे बघायला कुठला टॅब घेऊ?” मेहुण्यांनी तोवर तेरा इंचांचा एक स्वस्त टॅबलेट हेरूनही ठेवला होता. पैसे साधारण एका मध्यम टॅबलेटचे, वर थोडे इकडे-तिकडे.

घरात काय काय होतं तेही सांगतो, कारण निम्मा निर्णय त्यावरच ठरला. ताईचा रोजचा फोन. एक जुना साडेसहा इंची फोन, मागची काच तडकलेली पण स्क्रीन ठणठणीत आणि हेडफोनचा गोल जॅक शाबूत. चौदा इंची लॅपटॉप. आणि वीस हजार एमएएचची पॉवर बँक.

मी ताईला उलट विचारलं की कोण काय बघणार आहे. हा प्रश्न तिला जरा फालतू वाटला. सिनेमे म्हणजे सिनेमे! पण उत्तर आलं तेव्हा चित्र एकदम वेगळं दिसायला लागलं. आईला जुने कृष्णधवल सिनेमे हवेत. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून सबटायटल लागतात, तीही मोठ्या अक्षरांत. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, आणि उजवं मनगट इतकं दुखतं की भरलेला तांब्यासुद्धा ती दोन्ही हातांनी उचलते. भाच्याला ॲनिमेशन हवं, आणि गाडीत बसलं की त्याला मळमळतं. ताई स्वतः म्हणाली, “मला वेळ मिळाला तर बघीन, नाहीतर झोपेन.” म्हणजे प्रेक्षक खरे दोनच, आणि दोघांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध टोकाला.

इंचांचा हिशोब

दुकानात सगळे इंच विचारतात. हा इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. त्यावरून सिनेमा केवढा दिसेल हे कळत नाही, कारण सिनेमाचा आकार आणि स्क्रीनचा आकार क्वचितच जुळतो. १९३०च्या दशकापासून पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंतचे बहुतेक सिनेमे रुंदी आणि उंचीच्या १.३७ : १ या प्रमाणात आहेत, म्हणजे जवळजवळ चौकोनी. १९५३ मध्ये सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं आणि पडदा आडवा पसरला. आज भव्य सिनेमे बहुधा २.३९ : १ मध्ये असतात. टीव्हीचं प्रमाण १६:९. टॅबलेट दोन घराण्यांतले: अँड्रॉइडवाले बरेचसे १६:१० किंवा त्याच्या आसपासचे, तर आयपॅड पहिल्यापासून ४:३ किंवा त्याच्या जवळपास राहिला आहे. आजचे फोन २०:९, म्हणजे पट्टीसारखे लांबुळके.

आता आईचा कृष्णधवल सिनेमा घ्या. मेहुण्यांच्या तेरा इंची १६:१० टॅबलेटवर तो सुमारे २४ सेंटिमीटर रुंद दिसेल, डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या. तोच सिनेमा अकरा इंची ४:३ टॅबलेटवर सुमारे २२.४ सेंटिमीटर रुंद दिसतो. कर्णात दोन इंचांचा फरक, आणि चित्रात जेमतेम दीड सेंटिमीटरचा! बाकी सगळं वाढलेलं वजन काळ्या पट्ट्यांचं. हे मी कागदावर काढून मेहुण्यांना पाठवलं तेव्हा त्यांनी स्वतः पट्टी घेऊन पडताळून पाहिलं.

रुंद सिनेमाचं गणित उलटं आहे. अकरा इंची १६:१० वर २.३९चा सिनेमा २३.७ सेंटिमीटर रुंद आणि ९.९ उंच दिसतो, अकरा इंची ४:३ वर २२.४ रुंद आणि ९.४ उंच. म्हणजे नवे, रुंद सिनेमे बघणाऱ्याला १६:१० बारा-तेरा टक्के जास्त चित्र देतो; जुने बघणाऱ्याला ४:३ वीस टक्क्यांच्या वर जास्त देतो. आईच्या यादीत रुंद सिनेमे दोनच होते. आकाराचा प्रश्न तिथेच मिटला.

आणि फोन? इथे मला स्वतःला गंमत वाटली ती गोष्ट सांगतो. साडेसहा इंची फोनवर रुंद सिनेमा पंधरा सेंटिमीटर रुंद दिसतो. फोन आपण डोळ्यांपासून तीसेक सेंटिमीटरवर धरतो. तिथून तो डोळ्यात सुमारे २८ अंशांचा कोन व्यापतो. अकरा इंची ४:३ टॅबलेट समोरच्या ट्रेवर, पन्नास सेंटिमीटरवर ठेवला तर तोच सिनेमा २५ अंश व्यापतो. म्हणजे डोळ्याला फोनवरचं चित्र लहान वाटतच नाही! आठ वर्षांच्या मुलाचे डोळे तीस सेंटिमीटरवर सहज ठरतात, फोन दोनशे ग्रॅमचा, त्याचे हात थकत नाहीत. त्याच्यासाठी नवं साधन घेण्याची गरजच नव्हती, जुना फोन पुरे होता.

आईला हे गणित लागू पडत नाही. तीस सेंटिमीटरवर तिचे डोळे ठरत नाहीत. चष्म्याच्या खालच्या भागातून चाळीसवर फोन धरला, तर तिचा चौकोनी सिनेमा सव्वानऊ सेंटिमीटरचा, म्हणजे १४ अंशांपेक्षाही कमी, आणि सबटायटल मुंगीएवढी. त्यातून फोन धरायचा कोणी? तिचं मनगट पाच मिनिटांत बोलायला लागतं. तिच्यासाठी स्क्रीन स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी होती, आणि तीही खाली, ट्रेच्या पातळीवर. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आली की माणूस हनुवटी वर करून बघतो आणि तासाभरात मान धरते. सीटच्या पाठीला अडकवायचे क्लिप मिळतात, ते तरुण डोळ्यांसाठी ठीक, तिच्यासाठी त्रासाचे.

बाद झालेले

लॅपटॉप पहिल्या फेरीत गेला. चित्र सगळ्यात मोठं, पण उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो ठेवून द्यावा लागतो, ट्रेवर उघडला की पुढच्या प्रवाशाने पाठ मागे टाकताच झाकणाच्या वरच्या कडेला टेकतो, आणि दीड किलोचं ओझं कोण उचलणार? खरा घाव मात्र दुसराच होता. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये विंडोजसाठीचं आपलं ॲप बदललं आणि त्यात डाउनलोडची सोय काढून टाकली. ताईचे बरेचसे सिनेमे तिथलेच. विमानात नेट नसताना तो लॅपटॉप त्या सिनेमांपुरता शोभेचाच.

मेहुण्यांना डोळ्यांवर लावायचा व्हिडिओ चष्मा फार आवडला होता. फोनला तारेने जोडायचा, आणि समोर मोठा पडदा तरंगतो. वजन सत्तर-ऐंशी ग्रॅम, चित्र १०८० रेषांचं. वस्तू छानच आहे. पण फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर यायला हवं, आणि पुष्कळ स्वस्त फोनांच्या पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. जुना फोन त्यातलाच निघाला. शिवाय आईने चष्म्यावर चष्मा लावायचा कसा? वेगळी नंबरची काच बसवून घेता येते, पण प्रोग्रेसिव्हचा प्रश्न तिथेही सुटत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्या, नंबर नसलेल्या माणसासाठी मी तो नक्की सुचवला असता.

आईने स्वतः एक पर्याय सुचवला होता, तबकडीवाला प्लेअर. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. पॅनासॉनिकने पहिला हातातला डीव्हीडी प्लेअर १९९८ मध्ये आणला, आणि त्या जातीच्या यंत्रात आजही एक गुण आहे जो टॅबलेटमध्ये नाही: खरीखुरी बटणं. थांबव म्हटलं की थांबतं, चुकून बोट लागलं म्हणून सिनेमा बंद होऊन भलतंच काही उघडत नाही. तबकडीची मुदत संपत नाही, पासवर्ड लागत नाही. पण सबटायटलची अक्षरं तबकडीत जशी छापली असतील तशीच दिसतात, मोठी करता येत नाहीत. तिथे तो बाद झाला. जाता जाता एक मजा: डीव्हीडीच्या जगाचे जे विभाग पाडले होते त्यात आठव्या क्रमांकाचा विभाग खास विमानं आणि बोटींसाठी राखलेला होता.

तेरा इंचीचं काय बिनसलं

मेहुण्यांच्या टॅबलेटला मी आकारावरून नाही म्हटलं असतं तरी ते कदाचित ऐकले नसते. मोठी स्क्रीन म्हणजे मोठी स्क्रीन. पण त्याच मॉडेलचा एक टॅबलेट ताईच्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याकडे होता. ताई तो एका दुपारी मागून घेऊन आली आणि मी तिला फोनवरून सांगितलं की नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये जा, सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघड आणि काय लिहिलंय ते वाच. तिने वाचलं: वाइडवाइन एल३, कमाल दर्जा एसडी.

हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात. सिनेमावाल्यांना आपला माल चोरीला जायला नको असतो, म्हणून ॲपमधून येणारा सिनेमा कुलूपबंद असतो. अँड्रॉइडवर हे कुलूप गूगलच्या वाइडवाइनचं. एल१ म्हणजे कुलूप चिपच्या आतल्या सुरक्षित कप्प्यात उघडतं आणि चित्रही तिथेच तयार होतं. एल३ म्हणजे हे सगळं नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ असलेल्या उपकरणावर नेटफ्लिक्स एसडीच्या वर, म्हणजे साधारण ४८० रेषांच्या वर चित्र देत नाही. स्क्रीन कितीही बारीक ठिपक्यांची असो. खोक्यावर ‘टू-के डिस्प्ले’ लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, फक्त त्या सिनेमाला त्याचा उपयोग नसतो. यूट्यूब किंवा स्वतः भरलेली फाइल त्यावर स्वच्छ दिसते, म्हणून दुकानात दाखवलेला नमुना बघून हे कळतही नाही.

ताईने एकच सिनेमा शेजारी शेजारी लावला, एकदा त्या टॅबलेटवर आणि एकदा स्वतःच्या फोनवर, आणि एका स्थिर दृश्यावर थांबवला. मला फोटो पाठवले. दूर उभ्या असलेल्या बाईच्या साडीची किनार फोनवर किनार दिसत होती, टॅबलेटवर नुसता पांढरट ओघळ. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन डाग. तेरा इंचांवर ४८० रेषा ताणल्यावर दुसरं काय होणार? मेहुणे त्यानंतर तेरा इंची हा शब्द काढेनात.

घेतला तो

शेवटी घेतला तो ४:३ला जवळचा, अकरा इंची, कंपनीच्या यादीतला सगळ्यात साधा टॅबलेट. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, मॉडेल दरवर्षी बदलतात. पाचशे ग्रॅमच्या आत वजन, १२८ जीबी जागा, ५०० निट्स (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड, उच्च दर्जाचं चित्र चालतं याची खात्री ॲपमध्येच करून घेतलेली. जास्त जागेचा २५६वाला विक्रेता गळ्यात मारत होता. पण साध्या दर्जाचा दोन तासांचा सिनेमा एक-दीड जीबीत बसतो. यंत्रणेचे वीसेक जीबी सोडले तरी पन्नासाहून जास्त सिनेमे मावतात. नऊ तासांत आई तीन बघेल, फार तर.

वाचलेले पैसे कुठे घालायचे यावर माझं मत पक्कं होतं: स्टँड आणि कान.

स्टँडचं सांगतो. टॅबलेटच्या कव्हरचीच घडी करून तो उभा राहतो, पण तशी घडी मागे बरीच जागा खाते आणि विमानाचा ट्रे जेमतेम वीतभर खोल. ताईने घरीच जेवणाच्या टेबलावर पंचवीस सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावली आणि त्या आत काय मावतं ते पाहिलं. घडीचं कव्हर मावलं, पण एकाच कोनात, आणि तो कोन आईला उभा पडत होता. मग मागे पाय असलेलं कव्हर घेतलं, जे हवं तेवढं तिरकं होतं. ही चिकटपट्टीची युक्ती मला फार आवडली.

कानाचं काम

विमानाच्या आत आवाज ऐंशी डेसिबलच्या आसपास असतो आणि तो बहुतेक सगळा घरघरीचा, खालच्या पट्टीतला. आवाज कापणारे हेडफोन नेमका तोच भाग चांगला कापतात. आईसारख्या कमी ऐकणाऱ्या माणसाला याचा दुप्पट फायदा, कारण आवाज चढवायची गरज उरत नाही. कानावर पूर्ण बसणारा, ब्लूटूथवाला हेडफोन घेतला. तारेचा घ्यावा असं मनात आलं होतं, पण टॅबलेटला गोल जॅक नाही. यूएसबी-सीमधून आवाज काढायला जोडणी लागते, त्या जोडणीतच आवाज तयार करणारी चिप असावी लागते, आणि पोर्ट एकच असल्यामुळे जोडणी लावली की चार्जिंग बंद. ब्लूटूथ विमान मोडमध्येही वेगळं चालू करता येतं.

दोन सेटिंग ताईने आईसाठी बदलली. एक, मोनो आवाज: आईचा डावा कान उजव्यापेक्षा अधू आहे, मोनो केलं की दोन्ही बाजूंचं सगळं दोन्ही कानांत येतं. दुसरं, जिथे ऑडिओमध्ये ५.१ आणि स्टिरिओ असे दोन पर्याय होते तिथे स्टिरिओ. सहा स्पीकरसाठी केलेला आवाज दोन कानांत कोंबला की संवाद दबतात आणि पार्श्वसंगीत डोक्यात घुसतं; पुष्कळ लोक याचा दोष हेडफोनला देतात.

भाच्यासाठी जुन्या फोनच्या जॅकला तारेचा, आवाजाला मर्यादा घातलेला मुलांचा हेडफोन. अशा हेडफोनवर बहुधा ८५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला चाळीस तास, ७५ डेसिबल ही पातळी सुचवते, मोठ्यांसाठी तेवढ्याच तासांना ८०. म्हणून हेडफोनवर न विसंबता ताईने फोनमध्येही आवाजाची कमाल पातळी खाली बांधून ठेवली.

वीज

पॉवर बँक आहे म्हणून ताई निश्चिंत होती. नियमात ती बसतही होती: वीस हजार एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची बँक हातातल्या सामानात नेता येते, चेक-इनच्या बॅगेत मात्र नाही. पण नेता येणं आणि वापरता येणं यात फरक पडलाय. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या एका विमानाला आग लागली आणि संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. त्यानंतर एकेका कंपनीने विमानात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५पासून, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५पासून. ताईच्या विमान कंपनीच्या नियमांत पाहिलं, तिथेही बंदी.

म्हणजे नऊ तास टॅबलेटच्या पोटातल्या बॅटरीवर काढायचे. कंपनी म्हणते दहा तास. बॅटरी साधारण २९ वॉट-तासांची, म्हणजे सरासरी तीन वॉटच्या आत खर्च. सीटखालचा यूएसबी पोर्ट जुन्या धाटणीचा असेल तर पाच व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतो. त्याने बॅटरी भरत नाही, फक्त उतरायचा वेग मंदावतो. उजेड निम्म्यावर ठेवला तर रात्रीच्या विमानात तेवढा पुरतो आणि बॅटरीही टिकते. ताईचा स्वतःचा फोन मात्र सिनेमाला अजिबात लावायचा नाही, असं मी बजावून सांगितलं. पुढच्या रेल्वेचं तिकीट, उतरल्यावर ज्यांना फोन करायचा त्यांचे नंबर, सगळं त्यात. उतरताना तो पाच टक्क्यांवर असेल तर सिनेमाची मजा सगळी निघून जाते.

भरणं आणि तपासणं

डाउनलोड झालं म्हणजे चालतंच असं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईने दोन्ही उपकरणं विमान मोडमध्ये टाकली, बंद करून परत चालू केली आणि प्रत्येक सिनेमा उघडून अर्धा मिनिट चालवायला घेतला. इथे मी तिला अडवलं. नेटफ्लिक्सवरच्या काही डाउनलोडची मुदत पहिल्यांदा चालवल्यापासून ४८ तासांत संपते. तपासायला म्हणून उघडला आणि घड्याळ सुरू झालं तर परतीच्या प्रवासाला काय उरणार? म्हणून प्रत्येक ॲपमधला एकेकच चालवून पाहिला आणि बाकीच्यांच्या यादीत मुदत काय दाखवते तेवढं वाचलं. एका ॲपने नेट नाही म्हणून लॉगिनच्या पानावर नेऊन बसवलं. ते आदल्या संध्याकाळी कळलं हे बरं.

आणखी एक गोष्ट बाहेरदेशी जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सिनेमाचे हक्क देशागणिक विकले जातात; इथे डाउनलोड केलेला सिनेमा तिथे चालेलच असं नाही. विमानात चालेल, उतरून नेटला जोडलं की कदाचित नाही. यावर तोडगा एकच, काही सिनेमे कुलूप नसलेल्या फाइलच्या रूपात ठेवायचे. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या साइटवर हक्कमुक्त झालेले जुने सिनेमे आहेत, त्यातले आईच्या पसंतीचे तीन घेतले. यांच्यासाठी साधा प्लेअर ठेवला. काही प्लेअरमध्ये सबटायटल चित्रावर न टाकता खालच्या काळ्या पट्टीत टाकता येतात. ४:३च्या स्क्रीनवर रुंद सिनेमा लावला की ती पट्टी चांगली जाड असते आणि आईला पांढऱ्या साडीवर पांढरी अक्षरं शोधत बसावं लागत नाही.

शेवटची तयारी स्पर्शाची. सिनेमा चालू असताना स्क्रीन कुलूपबंद करायची सोय, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद.

झालं काय

विमानात आईने दोन सिनेमे पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा पाहिला. तिसऱ्यात झोप लागली. तासाभराने ताईने पाहिलं तेव्हा सिनेमा संपून स्क्रीन बंद झाली होती, बॅटरी ३० टक्क्यांच्या वर. पुढच्या प्रवाशाने पाठ मागे टाकली तेव्हा टॅबलेट आईकडे चारेक बोटं सरकवावा लागला, एवढंच. मनगटाने तक्रार केली नाही.

भाच्याने फोन अजिबात खाली ठेवला नाही. तो टॅबलेटकडे बघून हट्ट करील अशी ताईला धास्ती होती, पण कृष्णधवल चित्र दिसल्यावर त्याची त्यातली गोडीच गेली.

गाडीत मात्र त्याला वीस मिनिटांत मळमळायला लागलं. आतला कान सांगतो की आपण वळतोय, डोळे सांगतात की समोरचं सगळं स्थिर आहे. मेंदू या भांडणात पोट बिघडवून घेतो. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर, रस्त्याच्या दिशेने धरली तर थोडा फरक पडतो, मांडीवर धरली तर हमखास त्रास. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत स्क्रीनच्या कडांना गाडीबरोबर हलणारे ठिपके दाखवायची सोय आणली आहे, पण या जुन्या फोनात तसलं काही नव्हतं. ताईने फोन काढून घेतला आणि आधीच भरून ठेवलेली गोष्ट नुसती ऐकायला लावली. गाडीसाठी सिनेमा नकोच, असं माझं आधीपासूनच मत होतं. ऐकण्याचा साठा त्यासाठीच ठेवला होता.

४८ तासांचा फटका आईच्या त्या अर्धवट राहिलेल्या सिनेमाला बसला. चौथ्या दिवशी तिने तो पुढे बघायला घेतला तर मुदत संपलेली, आणि ताई नव्याने उतरवायला गेली तर त्या देशात तो उपलब्ध नव्हता. मग आर्काइव्हवरून घेतलेल्यांपैकी एक लावला. त्या तीन फाइलींवरच परतीचं बरंचसं भागलं.

रेल्वेचा भाग तेवढा अजून सुटलेला नाही. दिवसाची गाडी, खिडकीजवळची सीट, बाहेर लख्ख ऊन. ५०० निट्स पूर्ण चढवूनही कृष्णधवल सिनेमातली रात्रीची दृश्यं दिसेनात. आईला स्क्रीनमध्ये स्वतःचा चेहरा आणि मागून पळणारी झाडं दिसत होती. ताईने खिडकीचा पडदा ओढला तर भाचा ओरडायला लागला, त्याला बोगदे मोजायचे होते. आता ताईचं म्हणणं आहे की स्क्रीनला मॅट फिल्म लावून घेऊ या. माझा विरोध आहे: मॅट फिल्म प्रतिबिंब पसरवते खरी, पण सोबत अक्षरांच्या कडाही मऊ करते, आणि सबटायटलसाठीच तर हा सगळा खटाटोप केला. आईला मधली सीट द्यावी हा माझा उपाय तिला पटत नाही, कारण खिडकी आईलाही हवी असते. फिल्म आणून ठेवली आहे, अजून चिकटवलेली नाही.